घरमालकांनी ठरवलेला विषय

विद्यापीठातून एकदाही नापास न होता आणि तरीही पदवी न घेता तीन वेळा बाहेर पडलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आमच्या घणसोलीच्या घरमालकांशिवाय दुसरा झाला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. एरवी छातीठोकपणे काही सांगायचा माझा स्वभाव नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानासुद्धा मी शेवटी ‘बहुतेक’ म्हणते. पण काकांच्या, म्हणजे या घरमालकांच्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती, कारण तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका त्यांनी चौकटीत घालून ओळीने भिंतीवर लावल्या होत्या. गावातले ते पहिले मॅट्रिक. चालत कळव्यापर्यंत आणि तिथून मिळेल त्या वाहनाने ते ठाण्याच्या कॉलेजात जात. पहिल्या वर्षी कला शाखा घेतली, पास झाले. मग त्यांना वाटलं, शेजारच्या वर्गात काय शिकवतात ते न बघताच दुसऱ्या वर्षाला जाणं बरोबर नाही. म्हणून वाणिज्याचं पहिलं वर्ष केलं. पास. मग विज्ञानाचं. तिथे बेडूक कापायचा होता, तो कापला आणि वर्गात वरच्या नंबराने पास झाले. चौथ्या वर्षी कायद्याच्या वर्गात डोकावून बघायचा त्यांचा विचार चालू असताना वडिलांनी विचारलं, “इद्यापीठात आजून कायी बगायचा राहिलाय का? नसंल त जरा मिठागर पन बग.” आणि काका मिठागरावर गेले. कायदा बघायचा राहिला ही चुटपुट त्यांना पन्नाशी उलटली तरी होती.

कुठलीही गोष्ट वापरून बघितल्याशिवाय घ्यायची नाही, हे काकांचं आयुष्याचं सूत्र होतं. बाकीचे लोक चप्पल दुकानात दोन पावलं चालून बघतात. काका ती घालून खाडीपर्यंत जाऊन येत. चपलांच्या दुकानदाराला हे इतकं सवयीचं झालं होतं की त्याने काकांच्या मापाची एक जोडी फक्त फिरून येण्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. एकदा गादी घ्यायला कोपरखैरण्याला गेले, जेवून गेले होते, गादीवर आडवे झाले आणि चार वाजता उठले. दुकानदाराने चहा दिला. चहा पिऊन म्हणाले, “उशाकडून जरा कडक वाटते. उंद्या त्या टोकाला डोका करून झोपतो.” दुकानदाराने दुसऱ्या दिवशी चादरसुद्धा घालून ठेवली होती म्हणे. आणि घराचा रंग? रंगाऱ्याने दाखवलेल्या तुकड्यांवरून काही कळत नाही, असं ठरवून त्यांनी पुढची भिंत पिवळी, डावीकडची हिरवी, मागची निळी आणि उजवीकडची गुलाबी करून घेतली. वर्षभर चारही रंग बघू, मग ठरवू. मी तिथे राहायला आले तेव्हा या गोष्टीला सात वर्षं झाली होती. गावठाणात नवीन टॉवरवाल्यांना पत्ता सांगताना लोक ‘चार रंगांचं घर’ म्हणत, आणि ज्याला ज्या गल्लीतून यायचं असेल त्याप्रमाणे ‘निळ्या बाजूने या’ किंवा ‘गुलाबीकडून वळा’ असं सांगत.

भाडेकरूसुद्धा ते असेच घेत. मी आणि माझे दादा-वहिनी परभणीकडून आलो तेव्हा दादाला औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषधाच्या कंपनीत काम मिळालं होतं आणि आमच्याकडे दोन ट्रंका नि एक स्टोव्ह होता. काकांनी खोली दाखवली, पण बोलणी करायला तयार होईनात. म्हणाले, “आट दिवस ऱ्हावा. आमी तुमाना बगू, तुमी आमाना बगा. मग बोलू.” दादाला वाटलं, हा नकारच. वहिनीने आठ दिवस ट्रंका उघडल्याच नाहीत. नवव्या दिवशी दादा भीतभीत विचारायला गेला, तर काका म्हणाले, “आं? तुमी आजून हाव? मग बरा हाय.” आम्ही पास झालो की नाही, हे त्यांनी कधीच स्पष्ट सांगितलं नाही. पहिलं वर्षभर तरी मी जिन्यावरून उतरताना पावलं न वाजवता उतरत असे, न जाणो, चाचणी चालू असेल.

काकींना मात्र या सगळ्याचं काही कौतुक नव्हतं. त्या बोनकोडे गावच्या. सकाळी मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या दिवाळे गावच्या कोळणी त्यांच्या दारात पहिल्यांदा थांबत, कारण काकी एका नजरेत माप करत, आणि काका घरात असतील तर त्या बायका दारात न थांबता सरळ पुढे निघून जात. “हे मना बगाला चार येला आलेले,” काकी एकदा वहिनीला सांगत होत्या. “चार! एकदा पोहे खाल्ले, एकदा शिरा खाल्ला. तिसऱ्या येला आले नि म्हनतान, पोरगी चुलीजवल कशी दिसते ती बगायची हाय. चवथ्या येला माजा बापूस दारातच हुबा राहिला. बोलला, आता येशील त वरात घेऊनच ये, नायतर या गल्लीनं जावू नको.” काका आतून म्हणाले, “मग घेऊन आलो ना वरात?” “आलात,” काकी म्हणाल्या, “नि मांडवात बोललात, जरा थांबा.”

मी आठवीतून शाळा सोडलेली. आई आजारी पडली, घरात दुसरं करणारं कुणी नव्हतं, आणि आई गेल्यावर परत वर्गात जाऊन बसायला लाज वाटली, कारण तोवर माझ्या बरोबरीच्या मुली दहावीला गेल्या होत्या. आमच्या घरात शाळा अर्ध्यावर टाकणं ही साधी गोष्ट नव्हती. वडील सालगडी होते आणि रोज संध्याकाळी आम्हा दोघांना दप्तर उघडायला लावून समोर बसत, स्वतःला एक अक्षर वाचता येत नसताना. ते हयात असते तर मी सोडलीच नसती. घणसोलीला आल्यावर मी दादाच्याच कंपनीत गोळ्यांच्या पाकिटांवर लेबलं चिकटवायला लागले. तिथल्या एका बाईने सांगितलं की दहावी-बारावी न झालेल्यांनाही आता एका विद्यापीठात घरी बसून पदवी करता येते, आधी फक्त एक पूर्वतयारीची परीक्षा द्यावी लागते. मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कुणाला कळू नये म्हणून, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास केला. परीक्षा पास झाले. तेव्हा दादाला सांगितलं.

दादा रागावला नाही. म्हणाला, “ह्या साली फारम भर. पण ह्याच साली. राहिलं तर दिवाळीनंतर गावाकडं जायचं, मामानं लग्नासाठी दोन जागा बघून ठेवल्यात.” वर आणखी एक गोष्ट होती. कंपनीतल्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं की मुलगी वाणिज्याला असेल तर तिला पॅकिंगमधून उठवून ऑफिसात टेबल देऊ. त्यामुळे दादाच्या दृष्टीने विषय ठरलेला होता. माझ्या दृष्टीनेही ठरलेला होता, कारण माझं सगळं दादाच्या दृष्टीनेच ठरत असे. त्याने मला सांभाळलं होतं. त्याच्यासमोर ‘मला आवडतं’ हे शब्द काढायची माझी छाती नव्हती, आणि खरं म्हणजे मला काय आवडतं हे मला कुणी विचारलंही नव्हतं, मी स्वतःसुद्धा.

आणि नेमकी त्याच दिवसांत विद्यापीठाची माहितीपुस्तिका काकांनी माझ्या हातात बघितली.

आधी त्यांनी हात धुतले. धोतराला पुसले. मग ओट्यावर बसून ती जाडजूड पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. भुकेला माणूस लग्नाच्या पंगतीत पानावरचं एकेक ज्या नजरेने न्याहाळतो, त्या नजरेने ते अनुक्रमणिका बघत होते. “इतिहास हाय. समाजशास्त्र हाय. आरे, लोकप्रशासन पन हाय! पोरी, आमच्या टायमाला यवढा नव्हता गो.” शेवटच्या पानापर्यंत गेले आणि विचारलं, “तू काय घेतेस?” मी म्हटलं, “वाणिज्य.” “वापरून बगितलास?” मी नाही म्हटलं. काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे ज्या दयेने बघितलं, ती दया मी आई गेली तेव्हा शेजारणींच्या डोळ्यांत बघितली होती. “तीन वर्सं घालायची चप्पल,” ते म्हणाले, “नि तू ती खोक्यातूनच घेतेस?”

शेवटच्या तारखेला बावीस दिवस होते. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिशेब केला आणि ठरवलं: एक आठवडा वाणिज्य, एक आठवडा इतिहास, एक आठवडा मराठी. फॉर्मला सुरकुती पडू नये म्हणून तो दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून स्वतःच्या ट्रंकेत ठेवला. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं आपल्या सुंदर वळणदार अक्षरात भरून टाकलं. विषयाचा एकच रकाना रिकामा ठेवला.

वाणिज्याच्या आठवड्यात मला घरात तोंडाने काही मागायची बंदी होती. जे हवं ते धंद्याच्या पत्राने. मी संध्याकाळी कामावरून आले की ओट्यावर बसून ‘आदरणीय महोदया, आपल्या घरी आज चहा तयार असल्याचे समजते, तरी एक कप पाठवण्याची व्यवस्था व्हावी, कळावे’ असं लिहून काकांकडे देत असे. काका ते पत्र आत जाऊन काकींना वाचून दाखवत. काकींना लिहिता येत नव्हतं, पण पत्राची पोच द्यायलाच हवी असा काकांचा आग्रह. तेव्हा काकी स्वयंपाक करता करता पत्रावर हळदीचा अंगठा उठवत. पाचव्या दिवशी चहा आला नाही, म्हणून काकांनी मला स्मरणपत्र लिहायला लावलं. स्मरणपत्र मिळाल्यावर काकी स्वतः बाहेर आल्या. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात लाटणं. “कोनाला कळवायचा हाय ता आता तोंडानं कळवा,” त्या म्हणाल्या, आणि वाणिज्याचा आठवडा दोन दिवस आधीच आटोपला. काकांनी या चाचणीसाठी घातलेल्या वहीत शेरा मारला: ‘टिकाऊ आहे. पण घरात वापरता येत नाही.’

इतिहासाच्या आठवड्यासाठी काकांनी मला गल्लीच्या टोकाच्या एका म्हातारीकडे नेलं. तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं. ती स्वतः ‘साठ’ म्हणे, आणि तिचा मुलगा अडुसष्ट वर्षांचा होता. मी तिला मिठागरांविषयी विचारायचं आणि ती सांगेल ते लिहायचं, एवढंच काम. म्हातारी सांगत होती, पायाला मीठ लागून कशा भेगा पडत, बायका पहाटे टोपल्या घेऊन कशा निघत, आणि एकदा भरतीचं पाणी बांध फोडून आलं तेव्हा वर्षाचं मीठ एका दिवसात कसं विरघळून गेलं. मी लिहीत होते. मागे पडले की ती थांबे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं लिहून होईपर्यंत बोलायचं थांबत होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाली, “काल लिवलंस ता वाच.” मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग सुनेला हाक मारली, “हितं ये गो, आयक, मी काय बोलले ता हिच्या वहीत हाय,” आणि मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

गोंधळ झाला तो शुक्रवारी. म्हातारी सांगता सांगता बोलून गेली की गावात पहिला रेडिओ तिच्या दिराने आणला. मी लिहिलं. शनिवारपर्यंत ही बातमी समोरच्या घरात पोहोचली आणि त्या घरचे मालक बनियनवर माझ्याकडे आले. “पयला रेडिओ आमचा. खोड तो.” त्यांच्या मागोमाग आलेला म्हातारीचा अडुसष्ट वर्षांचा मुलगा म्हणाला, “खोडलास त बग.” दोन घरांत बोलणं बंद झालं, एकमेकांकडची हळदीकुंकवाची येणीजाणी थांबली. मी भीतीने अर्धमेली झाले. परगावची भाडेकरू पोरगी, गावात भांडण लावून दिलं! मी रडतच काकांकडे गेले. काका मात्र इतके खूश झाले होते की त्यांनी आपल्या वहीत इतिहासाच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. “दोन घरां भांडली ना? म्हनजे इतिहास लागू पडला.”

मराठीच्या आठवड्यात काकांनी घरात इंग्रजी-हिंदी शब्दांना मनाई केली. खिडकी, पंखा, दिवा इथपर्यंत ठीक चाललं. पण ‘सोसायटी’ला काय म्हणावं यावर काकांनी एक अख्खी दुपार घालवली, आणि गॅस संपल्यावर काकी बुकिंग करायला निघाल्या तेव्हा त्यांना दारातच अडवून विचारलं, “कसला काय करायला जातेस?” काकी म्हणाल्या, “सायंपाकाच्या वायूचा मागना मागाला जाते, नि येताना बोनकोड्याला उतरून माह्यारीच ऱ्हाते.” तीन दिवस त्या घरात जबरदस्त टेन्शन होतं, फक्त त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. बाकी त्या आठवड्यात मी काकांना रोज एकेक धडा वाचून दाखवला. माझं परभणीकडचं ‘कामून’ आणि ‘लई’ ऐकून ते हसत नसत. फक्त म्हणत, “पुन्ना बोल.”

एकवीस दिवस संपले. शेवटच्या दिवशी, शनिवारी, मी आणि काका बसने वाशीला निघालो. तिथल्या एका कॉलेजात आमचं अभ्यासकेंद्र होतं आणि फॉर्मची खिडकी एक वाजता बंद होणार होती. सकाळी दादा कामावर जाताना म्हणाला होता, “वाणिज्य लिहायलीस ना?” मी मान हलवली होती. बसमध्ये मी मनातल्या मनात तेच घोकत होते. आता वापरून बघून झालं, काकांचं मन राखलं, दादाचा शब्द राखायचा. काका पुठ्ठ्यातला फॉर्म छातीशी धरून खिडकीबाहेर बघत होते. अधूनमधून पुस्तिका उघडत होते.

रांगेत वीस-बावीस जण होते. आमचा नंबर आला तेव्हा एकला दहा मिनिटं होती. आतल्या कारकुनाने फॉर्म चाळला आणि म्हणाला, “विषयाचा रकाना रिकामाय. भरा.” काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि थांबले.

“साहेब,” त्यांनी कारकुनाला विचारलं, “समाजशास्त्र कसा हाय?”

“चांगलंय. भरा.”

“नाय, म्हनजे आमी ता बगितलाच नाय. एक आठवडा मिळंल का?”

“काका, एक वाजता मी खिडकी लावणार. आज शेवटची तारीख आहे.”

“तुमी सोता काय घेतलेलात?”

“मी कॉमर्स. बाजूला व्हा, मागच्यांना येऊ द्या.”

“पस्तावलात का?”

मागून कुणीतरी ओरडलं, “ओ काका, मासळी घ्यायला आलाय का? कल्ले उघडून बघताय!” सगळी रांग हसली. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी त्यांचं पेन रकान्यावर तरंगतच होतं. खाली टेकेना. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतके दिवस मला वाटत होतं की हा माणूस चोखंदळ आहे. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ते घाबरले आहेत. मी ज्या घाबरण्यात रोज जगत होते, तेच घाबरणं, फक्त त्यांनी त्याला चांगले कपडे घातले होते. खिडकीतलं घड्याळ एकला चार मिनिटं दाखवत होतं. कारकून कागद आवरायला लागला. मला दिवाळीनंतरचं गाव दिसलं, मामाने बघून ठेवलेल्या दोन जागा दिसल्या.

मी काकांच्या हातातून पेन ओढून घेतलं.

मोठ्या माणसाच्या हातातून मी आजवर रिकामा पेलासुद्धा विचारल्याशिवाय घेतला नव्हता. पेन कागदावर टेकवलं तेव्हासुद्धा मी वाणिज्यच लिहिणार होते, देवाशपथ. पण मला त्या म्हातारीचे मिटलेले डोळे आठवले, आणि माझ्या हाताने ‘इतिहास’ लिहिलं. लिहून झाल्यावर मी ते वाचलं आणि मला घाम फुटला. कारकुनाने शिक्का मारला. धप्पकन. पावती फाडून दिली आणि खिडकी लावली.

परतीच्या बसमध्ये काकांनी मला खिडकीशी बसवलं. मी रडत होते. “दादाला काय सांगू?” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. ज्यांना स्वतःच्या भिंतीचा रंग ठरवता आला नव्हता, त्यांना मी विचारत होते. ते फक्त पावतीची घडी उलगडून बघत होते, पुन्हा घालत होते.

संध्याकाळी दादा पेढे घेऊन आला. आम्ही सगळे ओट्यावरच होतो. मी पावती पुढे केली. त्याने वाचली. पेढ्यांचा पुडा हातातच राहिला. “इतिहास? कामून?” त्याचा आवाज चढला. “तुला सकाळी काय विचारलं होतं मी? साहेबाला मी काय तोंड दाखवू? कामून केलंस असं?”

मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात काका उठून उभे राहिले.

“तिचा काय दोष नाय,” ते म्हणाले. “ती वाणिज्यच लिवत होती. मी पेन घेतला. मी लिवला इतिहास.”

काकी भाकरीच्या पिठाच्या हाताने दारात आल्या होत्या. त्या काकांकडे अशा बघायला लागल्या की जणू त्यांच्या जागी दुसरंच कुणी उभं आहे. “तुमी?” त्या म्हणाल्या. “तुमी ठरवला?” काका दादाकडेच बघत होते, पण त्यांचा मागे बांधलेला हात मला दिसत होता. त्या हाताने धोतराचा सोगा मुठीत गच्च आवळला होता. काकींनाही तो दिसला असावा. त्यांनी एकदा माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, एकदा त्या हाताकडे, आणि दादाला म्हणाल्या, “हा. हेच ते. येकदा मनात घेतला ना, की कोनाचा आयकत नायत. भारी हट्टी मानूस.” तीस वर्षं ज्या बाईने नवऱ्याला काही ठरवता येत नाही म्हणून कपाळाला हात लावला होता, तिने इतक्या सहज खोटी साक्ष दिली की मी बघतच राहिले.

वयाने मोठ्या माणसावर, त्यातून घरमालकावर दादा किती रागावणार? “तुम्ही कशाला मधी पडलात हो काका,” एवढंच म्हणाला आणि वर निघून गेला. पंधरा दिवस तो काकांशी बोलला नाही. काकांनी ते पंधरा दिवस निमूट सोसले. सकाळी दादा जिन्यावरून उतरायच्या वेळेला ते ओट्यावर मुद्दाम बसून राहत, त्याला रागवायचं असेल तर समोर असावं म्हणून.

मला ऑफिसातलं टेबल मिळालं नाही. पदवीला तीनऐवजी पाच वर्षं लागली, कारण दुपारपाळी नि परीक्षा एकाच दिवशी येत. पण दिवाळीनंतर गावाला जायचं राहिलं ते राहिलंच, आणि पदवीच्या कागदावर इतिहास आहे. आता मी एका शाळेत शिकवते. दादा माझ्या वर्गातल्या गोष्टी स्वतः मागून ऐकतो आणि मग ‘तरी वाणिज्य बरं होतं’ असं म्हणायला विसरत नाही.

काकांकडे मी वर्षातून दोनदा तरी जाते. चार रंगांचं घर पाडून तिथे पाच मजले झालेत. काका तळमजल्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात, आता डोळ्यांनी कमी दिसतं. मी आले की जवळ जो कुणी बसला असेल, वॉचमन असो, वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू असो, त्याला ते माझी ओळख करून देतात. “ही शिकली ना, तिचा विषय मी ठरवलेला,” ते म्हणतात. “सगले बोलत होते वाणिज्य. मी बोललो, नाय. इतिहास.” आणि मग एक क्षणभर थांबतात. त्यांचे धुरकट झालेले डोळे माझा आवाज जिथून येईल त्या दिशेला वळतात.

“हो,” मी म्हणते. “काकांनीच.”